टाकी दहा फुटांवर, नळ तीन बारचे: फोंडा तालुक्यातल्या एका घराचं प्रकरण

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या लहान घरांच्या दुरुस्तीची कामं मी पाहतो. न्हाणीघराचं काम निघालं की फरशीचा रंग आणि नळाची डिझाइन आधी ठरते, आणि पाणी किती उंचीवरून येणार हा प्रश्न सगळ्यात शेवटी निघतो. या प्रकरणात तो वेळेवर विचारला गेला, म्हणून ते सविस्तर लिहितो आहे. घर ओळखता येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मापं मात्र जागेवर घेतलेलीच आहेत.

पार्श्वभूमी

चिऱ्यांचं जुनं, मंगळुरी कौलांचं घर. राहणारे दोघंच. निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळा वाडा ‘सर’ म्हणतो, आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे काकी. मुलगा आणि सून पुण्याला. चवथीला मात्र घरात पंधरा-वीस माणसं असतात. घराच्या मागच्या अंगाला तीसेक वर्षांपूर्वी स्लॅबचं न्हाणीघर बांधलेलं होतं आणि त्याच्याच डोक्यावर हजार लिटरची प्लास्टिकची टाकी. दुसरं न्हाणीघर पुढच्या खोलीला जोडून, टाकीपासून पाइपाच्या वाटेने चौदा मीटर लांब. तिथपर्यंत गेलेला पाइप जुना, अर्ध्या इंचाचा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी.

पाण्याच्या वाटा दोन. सरकारी नळाचं पाणी ओपाहून, म्हणजे खांडेपार नदीवरच्या प्रकल्पातून येतं. तिथूनच पणजीकडच्या तिसवाडी तालुक्यालाही पाणी जातं. दुसरी वाट परसातली विहीर. टाकी बहुतेक वेळा विहिरीवरच्या पंपाने भरली जाते, कारण मुसळधार पावसात नदी गढूळ झाली की सरकारी पाणी मंदावतं.

दोन्ही न्हाणीघरं नव्याने करायचं ठरलं ते काकींच्या बोटांमुळे. सांधे धरल्यापासून जुना फिरवायचा नळ त्यांना घट्ट बंद करता येत नव्हता. पाणी ठिबकत राही, आणि रात्री उठून सर तो बंद करत. मुलाने पुण्यातल्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये आहेत तसे एका दांडीने गरम-गार पाणी मिसळणारे सिंगल-लिव्हर मिक्सर पसंत केले. न्हाणीसाठी पाणी शॉवरकडे किंवा तोटीकडे वळवणारा, भिंतीत बसणारा कन्सिल्ड डायव्हर्टर, वर आठ इंची रेन शॉवर, बेसिनला उंच मानेचा मिक्सर, असे दोन संच. एका संचाची खोकी मी घरी गेलो तेव्हा पडवीत येऊन पडलेली होती.

अडचण कशी लक्षात आली

मुलाचं म्हणणं फोनवर स्पष्ट होतं. “आमच्याकडे पाण्याला जोर आहे. अंगणातला नळ सोडला की बालदी उडते.”

ते खरंच होतं. पण अंगणातला नळ थेट सरकारी लाइनवर होता आणि न्हाणीघरं टाकीवर. दोन्ही पाण्यांचा एकमेकांशी संबंध नाही. पाणीपुरवठ्याच्या 1999 च्या केंद्रीय नियमावलीत एकमजली इमारतीसाठी वितरण लाइनमध्ये किमान 7 मीटरचा दाब धरलेला होता. म्हणजे पाणी सात मीटर चढेल इतका जोर. टाकीखालच्या नळाला याच्या निम्मासुद्धा मिळत नव्हता. घरातल्यांनी दाबाचा अंदाज बांधला होता तो भलत्याच नळावरून. असं वारंवार घडतं, आणि त्यात कोणाचा दोष नाही. सकाळी हात धुतो तो नळच डोळ्यांसमोर असतो.

खोक्यातल्या कागदावर प्रवाह लिहिला होता मिनिटाला 12 लिटर, आणि पुढे बारीक अक्षरात ‘3 बारला’. अशा नळांचा प्रवाह मोजायची ती रूढ रीतच आहे. एक बार म्हणजे साधारण 10.2 मीटर उंचीच्या पाण्याचा भार. तीन बार घरच्या टाकीतून हवे असतील तर टाकी नळाच्या तीस मीटर वर पाहिजे. पुण्यातल्या फ्लॅटच्या गच्चीवर पंप होता. दुकानात नळ चालवून दाखवतात तिथेही पंपच असतो.

मोजमाप

प्लंबर तरुण होता, पण कामाचा पक्का. आम्ही टेप घेऊन न्हाणीच्या फरशीपासून टाकीच्या आउटलेटपर्यंतची उंची घेतली: 3.1 मीटर, म्हणजे दहा फुटांच्या आसपास. टाकी काठोकाठ असेल तर त्यावर आणखी एक मीटर पाणी. शॉवरची दांडी फरशीपासून 2.1 मीटरवर येणार होती. म्हणजे टाकी तळाला गेली असता शॉवरला उरणारा भार एक मीटर आणि भरलेली असता दोन मीटर. बारमध्ये 0.1 ते 0.2. बालदीचा नळ खाली, 65 सेंटिमीटरवर, त्यामुळे त्याला अडीच ते साडेतीन मीटर मिळत होते.

नळातून येणारं पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतं. दाब चौपट केला तर पाणी दुप्पट होतं, चौपट होत नाही. उलट बाजूने पाहिलं तर दाब एक-विसांश झाला तरी पाणी एक-विसांश होत नाही, साधारण पाव ते पंचमांश राहतं. तीन बारला 12 लिटर देणारा शॉवर 0.15 बारला मिनिटाला 2.7 लिटर देईल. आठ इंच रुंदीच्या शॉवरच्या शंभरेक भोकांतून 2.7 लिटर म्हणजे धार पडतच नाही. पाणी चकतीच्या खालच्या अंगाला पसरतं आणि एका कडेने ओघळतं.

हा हिशेब मी सरांना कागदावर मांडून दाखवला. ते गणिताचेच शिक्षक, त्यांना पटला. पण मुलाला फोनवर वर्गमूळ सांगून काही उपयोग नव्हता. म्हणून प्लंबरने बेसिनचा मिक्सर खोक्यातून काढला, मागच्या न्हाणीतल्या जुन्या बालदीच्या नळाच्या जागी तात्पुरता जोडला आणि खाली पंधरा लिटरची बालदी ठेवली. टाकी अर्धी भरलेली. फोनवर व्हिडिओ चालू. जुन्या नळाने हीच बालदी सव्वा मिनिटाच्या आत भरली होती. मिक्सरने चार मिनिटांच्या वर वेळ घेतला. धार पेन्सिलीएवढी, आणि तोंडाशी असलेल्या फेसाच्या जाळीत हवा मिसळेल इतका जोरही तिला नव्हता.

पलीकडून मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “बाबा, तुम्ही रोज एवढा वेळ थांबणार नाही. दुसरं काहीतरी बघूया.”

पुढच्या न्हाणीघराची अवस्था आणखी वाईट होती. तिथे जुन्या नळालाच बालदी भरायला चार मिनिटं लागत. उंची तीच, मग फरक कुठे? वळणावरच्या एल्बोजवळ पाइप कापल्यावर तो दिसला. अर्ध्या इंचाच्या जीआयच्या आत तांबूस गंज साचून मधे करंगळीही शिरणार नाही एवढीच वाट उरली होती. चिऱ्याच्या जमिनीतलं विहिरीचं पाणी बहुधा किंचित आम्ल असतं आणि त्यात लोहही उतरतं. जीआय पाइप अशा पाण्यात फार टिकत नाही.

पर्याय

पहिला पर्याय मुलाचा: निवडलेले नळ ठेवायचे आणि टाकीच्या आउटलेटवर प्रेशर पंप बसवायचा. पंप दीड-दोन बार देतो, मिक्सर आणि शॉवर दोन्ही उत्तम चालले असते. घरात तरुण माणसं असती तर मीही हाच पर्याय पुढे केला असता. पण रोज राहणारी माणसं सत्तरीतली. पावसाळ्यात वीज जाते आणि कधी कधी बराच वेळ येत नाही. पंप बंद असताना पाणी त्याच्यातून रांगत येणार आणि पुढे अरुंद मिक्सर, म्हणजे नेमक्या अडचणीच्या वेळी न्हाणी कोरडी. शिवाय कुठे एक नळ ठिबकला तरी दाब उतरत राहतो आणि स्वयंचलित पंप रात्रभर चालू-बंद होत राहतो. नळ नीट बंद होत नाही ही तर या घरातली मूळ तक्रार. (पंप सरकारी लाइनवरच थेट लावू, असंही एका नातेवाइकाने सुचवलं. ते चालत नाही आणि ते बरोबरही नाही. शेजाऱ्याच्या वाटणीचं पाणी ओढलं जातं आणि लाइन गळकी असेल तर बाहेरची घाण आत खेचली जाते.)

दुसरा पर्याय टाकी उंच करण्याचा. लोखंडी स्टँडवर दोन मीटर चढवली असती तर शॉवरला तीन-चार मीटर मिळाले असते. भार दुप्पट-तिप्पट झाला तरी पाणी वाढलं असतं दीडपट ते पावणेदोनपट. त्यातही गवंड्याने स्लॅबच्या खालच्या बाजूला एका कोपऱ्यात गिलाव्यावर हातोडी टेकवली तर तो सुटून आला आणि आतली सळई गंजलेली दिसली. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. ते चार पायांवर उचलून जुन्या स्लॅबवर ठेवायचं, वर जून-जुलैचा वारा, आणि खाली माणूस अंघोळ करतोय. हा पर्याय मी तिथेच बंद केला. बाजूला स्वतंत्र खांब उभारून टाकी वर न्यायचा विचार चांगला होता, पण काम मे महिन्यात चाललेलं, पाया खणून खांब उभे होईपर्यंत पाऊस आला असता.

तिसरा पर्याय होता पाण्याला आहे त्या भारात मोकळी वाट द्यायची: पाइप मोठे, वळणं कमी आणि कमी दाबावर चालणारे नळ. यात रेन शॉवर जातो. मुलाची हौस हीच होती, त्यामुळे चर्चा इथे सगळ्यात जास्त रेंगाळली.

निर्णय

निकाल लागला तो काकींच्या बोलण्याने. त्या म्हणाल्या, “मला शॉवर नको, मी बालदीनेच न्हाते. मला नळ एका बोटाने बंद झाला पाहिजे.”

सिंगल-लिव्हर निवडण्यामागची खरी गरज तेवढीच होती, आणि ती भागवायला सिंगल-लिव्हरच लागतो असं नाही. पाव फेऱ्यात उघडणारा सिरॅमिक चकतीचा साधा नळ, लांब दांडीचा घेतला, तर तो मनगटानेही ढकलता येतो. मिक्सरच्या आतलं कार्ट्रिज, म्हणजे पाणी उघड-बंद करणारा भाग, गरम आणि गार दोन्ही पाण्यांना अरुंद खाचांतून नेतं. त्याच्या खाली लवचिक नळ्या असतात, त्यांचं आतलं भोक आणखी बारीक. साध्या पाव फेऱ्याच्या नळात एकाच पाण्याची वाट असते आणि ते फारसं अडत नाही. पण सगळे पाव फेऱ्याचे नळ सारखे नसतात. दुकानात आम्ही प्रत्येक नळ पूर्ण उघडून मागच्या बाजूने आत पाहिलं. काहींच्या चकतीतली फट नखाएवढी होती, काहींची अर्धचंद्रासारखी मोठी. मोठ्या फटीचे घेतले. पितळेचे, वजनदार, आणि आयएस 8931 या भारतीय मानकाचा शिक्का असलेले.

मग पुढचं ठरवलं. बेसिनला फक्त गार पाण्याचा पिलर कॉक, म्हणजे बेसिनवर उभा बसणारा साधा नळ, कारण गोव्यात बेसिनला गरम पाणी लागतं ते फार थोडे दिवस. न्हाणीत गरम आणि गार असे दोन वेगळे नळ असलेला वॉल मिक्सर, त्याला खाली बालदीची तोटी आणि बाजूला हँड शॉवर. हँड शॉवर सरकत्या पट्टीवर. माणूस स्टुलावर बसून अंघोळ करत असेल तर पट्टी खाली आणता येते, आणि तेवढाच भार वाढतो. मुलासाठी तडजोड म्हणून टाकीच्या आउटलेटजवळ पंपाची जागा तयार ठेवायची: दोन बॉल व्हॉल्व्ह, मधे पंपाला वळसा घालणारा बायपास पाइप, त्यावर पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा झडपेचा साधा एनआरव्ही, आणि झाकणाचा विजेचा पॉइंट. पुढे कधी पंप बसला तरी वीज गेल्यावर पाणी बायपासने येत राहील. गीझरची लाइन या जोडणीच्या पुढूनच काढायची हे मी आग्रहाने करून घेतलं. गार पाणी पंपावर आणि गरम टाकीवर राहिलं तर मिक्सरमध्ये गार पाणी गरम पाण्याला मागे ढकलतं आणि अंघोळ मधेच थंड पडते.

काम

आउटलेट सव्वा इंचाचा केला. तिथून दोन्ही न्हाणीघरांना एकेक इंचाचे स्वतंत्र सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचे) पाइप, म्हणजे एकीकडे फ्लश भरत असताना दुसरीकडची धार बसत नाही. आत नळापर्यंत पाऊण इंच, आणि अर्ध्या इंचावर फक्त शेवटच्या एल्बोशी उतरायचं. अर्धा इंची सीपीव्हीसीचं आतलं भोक साडेबारा मिलिमीटर असतं, पाऊण इंचीचं अठरा. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण तेवढंच पाणी नेताना घर्षणात जाणारा भार सहा पटींनी कमी होतो. कमी दाबाच्या घरात पाइपवर खर्च केलेला रुपया नळावरच्या रुपयापेक्षा जास्त पाणी देतो, हे मी प्रत्येक घरमालकाला सांगतो आणि सांगत राहीन.

जुना चाकाचा स्टॉप कॉक काढून पूर्ण भोकाचा बॉल व्हॉल्व्ह टाकला. काटकोनी एल्बो शक्य तिथे टाळले. गरम पाण्याच्या पाइपला गीझरनंतर वर जाऊन खाली येणारा उंचवटा ठेवला नाही. कमी दाबात अशा उंचवट्यात हवा अडकते आणि गरम नळ नुसता खोकतो. गीझरच्या तोंडाशी असलेला सेफ्टी व्हॉल्व्ह पाणी अडवतो म्हणून काही ठिकाणी तो काढून टाकतात. तो काढायचा नाही. तो निघाला तर आत वाफेचा दाब चढेल तेव्हा बाहेर पडायला वाटच राहत नाही. इथे पाणी थोडं कमी आलं तरी चालेल, असं मी सरांसमोर प्लंबरला बजावून सांगितलं.

कमोडच्या फ्लशची टाकी भरायला फार वेळ घेत होती. आतल्या फ्लोट व्हॉल्व्हमध्ये जास्त दाबासाठीची बारीक भोकाची बसणी होती. मोठ्या भोकाची घातल्यावर ती अडचण मिटली.

गाळणी कुठे बसवायची यावर आमचा थोडा वाद झाला. प्लंबरला ती टाकीच्या आउटलेटवर हवी होती. पण गाळणी भार खाते, आणि आउटलेटनंतर आपल्याकडे भार मोजकाच. म्हणून ती विहिरीचा पंप आणि टाकी यांच्यामधे बसवली, जिथे पंपाचा जोर आहे.

परिणाम

मागच्या न्हाणीत बालदी सव्वा मिनिटात भरते, म्हणजे पूर्वीइतकीच, पण नळ आता काकी एका बोटाने बंद करतात. पुढच्या न्हाणीत चार मिनिटांवरून दीड मिनिटावर आलं. तिथे उंची एक सेंटिमीटरसुद्धा बदललेली नव्हती. हँड शॉवरमधली प्रवाह अडवणारी छोटी चकती काढल्यावर मिनिटाला साडेचार लिटरच्या आसपास पाणी येतं. सरांना पुरतं, मुलाला पुरत नाही, आणि त्याने ते मोकळेपणाने सांगितलं.

चवथीला घर भरलं तेव्हा दोन्ही न्हाणीघरं एकदम चालली. टाकी दुपारपर्यंत तळाला जायची आणि शेवटी न्हाणाऱ्याला धार बारीक लागायची. स्वतंत्र लाइन घातल्या तरी टाकीतली पाण्याची पातळी सगळ्यांना सारखीच.

एक गोष्ट पावसात पुढे आली. विहिरीचं पाणी वर आलं आणि गाळणी असूनही बारीक तांबडा गाळ बेसिनच्या फेसाच्या जाळीत बसू लागला. तीन आठवड्यांत धार निम्मी. जाळी काढून नुसतं तोंड ठेवलं तर पाणी अंगावर उडायचं. शेवटी मोठ्या भोकांची साधी जाळी बसवली, आणि ती हाताने उघडता येईल अशीच निवडली. महिन्यातून एकदा सर ती व्हिनेगरमध्ये भिजवून ब्रशने घासतात.

परत पाठवायच्या नळांपैकी बंद खोकी दुकानाने घेतली. उघडून पाहिलेला बेसिन मिक्सर घेतला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

फरशी फोडण्याआधी नळ पसंत करण्यात काही गैर नव्हतं, पण कन्सिल्ड डायव्हर्टर त्याला अपवाद. तो भिंतीत जातो, आणि टाइल लागल्यावर धार कमी निघाली तर भिंत फोडण्याशिवाय इलाज उरत नाही. कमी उंचीच्या टाकीवर कन्सिल्ड काही घ्यायचंच असेल तर ते आधी उघड्यावर जोडून बालदी भरून पाहावी. आम्ही ते खोक्यातल्या मिक्सरवर केलं. डायव्हर्टरवर केलं नाही, कारण तोवर निर्णय झाला होता. ज्याला डायव्हर्टर हवाच आहे त्याने ते टाळू नये.

टाकीचा प्रश्न अजून तसाच आहे. त्या स्लॅबचा कोपरा आम्ही दुरुस्त केला, पण एक टन वजन कायम त्याच्यावर राहावं असं मला वाटत नाही. काम मेऐवजी डिसेंबरात निघालं असतं तर बाजूला चार खांबांचा चौथरा उभा करून टाकी साडेपाच मीटरवर नेता आली असती. तेव्हा शॉवरला साडेतीन ते साडेचार मीटरचा भार मिळाला असता आणि पंपाची गरज बहुधा पडली नसती. रेन शॉवर तरीही चालला नसता.

पंपाच्या जागेवर आज नुसते दोन व्हॉल्व्ह आहेत. मुलाचं कुटुंब वर्षातून दोनदा येतं, तेवढ्यासाठी पंप घ्यावा की टाकीच्या चौथऱ्यासाठी पैसे राखून ठेवावेत, यावर घरात अजून बोलणं चालू आहे. माझं मत मी सरांना सांगितलं आहे: आधी चौथरा. पाऊस उघडला की गवंड्याला घेऊन मी पायाची जागा बघायला जाणार आहे.